पळसाला पाने किती?

‘कोठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सारेच वापरतो. वर्गात मीही ती किती वेळा ऐकवली असेल! पण ज्या दिवसांत पळस पाहायला जावे, त्या दिवसांत त्याच्यावर पान शोधून सापडत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. चित्रकलेच्या शिक्षकाने हे कबूल करावे, यात भूषण काहीच नाही.

धुळ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुले बसवली. खोड तपकिरी, पाने हिरवी, आकाश निळे, असा आमचा रिवाज. एकदा निसर्गचित्राच्या तासाला एका मुलाने नुसते केशरी झाड रंगवले. डोंगराकडच्या वस्तीवरून येणारा अबोल मुलगा. ‘‘पाने कुठे रे?’’ मी विचारले. ‘‘सर, पयसले आते पानंच नही शेतस,’’ तो म्हणाला. वर्ग हसला. मी दोन गुण कापले आणि त्याच्याच कागदावर हिरवी पाने काढून दाखवली. त्यानंतर त्याचे प्रत्येक झाड हिरवेगार असे.

निवृत्तीनंतर स्वतःसाठी रंगवायचे ठरवले. मुंबईला शिकलेले मित्र राणीच्या बागेत बसून केलेल्या रेखाटनांच्या गोष्टी सांगत, तेव्हा मला हेवा वाटे. खानदेशात तशी बाग कुठून आणावी? मग चाळीसगावजवळचे पाटणादेवीचे रान आठवले. हे रान १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शिलालेख इथलाच. हीच आपली राणीची बाग, असे म्हणून माघापासून चैत्रापर्यंत दर आठवड्याला मी धुळे-चाळीसगाव गाडी धरू लागलो.

चाळीसगावला स्टेशनाजवळच केकी मूस यांचे घर आहे. १९८९ साली वारलेला हा कलावंत जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी छायाचित्रांत निसर्गदृश्ये उभी केली. मग चित्रकाराने रानात जावेच कशाला? वाटेत मी याचा विचार करी. उत्तर सोपे निघाले. मूस टेबलावरची वस्तू तासन्‌तास पाहत. मी टेबलही पाहिले नव्हते आणि रानही नाही. मी पाहिली होती ती फक्त नमुन्याची चित्रे.

माघात काटेसावर फुलली, फाल्गुनात पळस पेटला. पहिल्या दिवशी ट्यूबमधला केशरी रंग कितीही ओतला, तरी कागदावर झाड विझलेलेच. दुसऱ्या खेपेला खाली पडलेले फूल हातात घेतले. पाकळ्यांच्या बुडाशी काळपट, मखमली वाटी असते. ती गडद वाटी रंगवली मात्र, शेजारचा केशरी आपोआप उजळला. निष्पर्ण फांद्यांवर शिंजीर येऊन मध पीत होते. पाणी वाचवायचे म्हणून झाड पाने टाकते. मग फुले लांबूनही दिसतात आणि पाखरांना वाट सापडते. त्या उघडेपणात केवढा शहाणपणा!

पुढे एकेक रिवाज मोडत गेला. कांडोळाचे खोड तपकिरी नव्हे, पांढुरके, कागदासारखी साल सुटणारे. पिंपळाची कोवळी पालवी हिरवी नव्हे, तांबूस, उन्हात तांब्याच्या पत्र्यासारखी चमकणारी. चैत्रातल्या दुपारी आकाशही निळे राहिले नाही. धुळीने ते राखाडी झाले. तीस वर्षे शिकवलेले तिन्ही रंग त्या रानात खोटे ठरले.

आता माझ्याजवळ पळसाची अकरा चित्रे आहेत. दहा बिघडलेली, एक बरे. त्या एका चित्रात हिरवा रंग कुठेच नाही. ते काढताना माझ्यासमोर झाड होते आणि मागे, बाकावर बसलेला तो मुलगा होता. आज तो कुठे आहे, काय करतो, रंगाला हात लावतो की नाही, मला ठाऊक नाही. हा मजकूर त्याच्या वाचनात आलाच, तर त्याने एवढे समजून घ्यावे, की त्याचे दोन गुण सरांकडे बाकी आहेत.