रेघ तुटते कोठे? टॅब्लेटच्या लेखणीचे दुखणे आणि त्यावरील उपाय

टॅब्लेटच्या काचेवर लेखणीने लिहिण्याची सोय आता नवलाची राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये टॅब्लेट पीसीसाठी विंडोज एक्सपीची खास आवृत्ती आणली. सॅमसंगने २०११ मध्ये गॅलेक्सी नोटबरोबर एस पेन दिले, तर ॲपलची पेन्सिल २०१५ मध्ये आयपॅड प्रोसोबत आली. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग घरातून भरू लागले, तेव्हा अनेक शिक्षकांना खडू-फळ्याऐवजी हीच काच हाती घ्यावी लागली. चित्रकार आणि विद्यार्थी यांचेही काम आज या लेखणीवर चालते. त्यामुळे ती अडखळली की काम थांबते आणि घाईघाईत पडदा बदलण्याचा महागडा निर्णय घेतला जातो. दोष नेमका कोठे आहे हे आधी तपासले, तर हा खर्च बरेचदा टाळता येतो.

लेखणीच्या तीन जाती

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या लेखण्यांची कार्यपद्धती भिन्न असते. सर्वांत स्वस्त लेखणी केवळ बोटाची नक्कल करते. तिचे जाड टोक पडद्यावरील विद्युतभारात बदल घडवते; हाताचा दाब तिला कळत नाही. दुसऱ्या जातीच्या लेखणीत बॅटरी असते आणि तिच्या टोकातून निघणारा संकेत पडदा टिपतो. ॲपल पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्ट सरफेसच्या अलीकडच्या लेखण्या या गटातील. तिसरी पद्धत विद्युतचुंबकीय अनुनादाची. वॅकॉम या जपानी कंपनीच्या अनेक लेखण्या आणि सॅमसंगचे एस पेन तिच्यावर चालतात. पडद्यामागील तारांच्या जाळीतून लेखणीला ऊर्जा मिळते, म्हणून लिहिण्यासाठी तिला बॅटरी लागत नाही.

बोटाची नक्कल करणारी लेखणी सोडली, तर एका जातीची लेखणी दुसऱ्या जातीच्या पडद्यावर सहसा चालत नाही. एकाच कंपनीची लेखणीही तिच्या प्रत्येक टॅब्लेटवर चालेलच असे नाही. ॲपलची २०१८ मधील दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ च्या आयपॅड प्रोवर चालत नाही. यूएसबी-सी जोडणीच्या पेन्सिलला तर दाबाची जाणीवच नाही. तिची रेघ दाबाने जाड होत नाही, हा बिघाड नव्हे. म्हणून तपासणीची सुरुवात लेखणी आणि टॅब्लेट यांची जोडी जुळते का, येथूनच करावी.

तिरक्या रेघेची परीक्षा

लिखाणाच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पट्टी धरून सावकाश तिरकी रेघ ओढावी. अशा चार-पाच समांतर रेघा दोषाचे ठिकाण दाखवून देतात.

रेघ कोठेही, केव्हाही तुटत असेल तर संशय लेखणीवर घ्यावा. झिजलेले किंवा सैल झालेले टोक हे त्याचे नेहमीचे कारण. टोक घट्ट बसवावे, झिजले असल्यास बदलावे. खरखरीत मॅट फिल्मवर ते लवकर झिजते. बॅटरीची लेखणी असेल तर ती पूर्ण चार्ज करावी, ब्लूटूथच्या यादीतून काढून पुन्हा जोडावी. महिनोन्महिने न वापरलेल्या लेखणीची लिथियम बॅटरी पार रिती झाली, तर ती पुन्हा चार्ज होईलच याची खात्री नसते.

रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी तुटत किंवा वाकत असेल, तर आधी कव्हर काढून पाहावे. अनुनादावर चालणाऱ्या लेखणीला कव्हरमधील चुंबक अडथळा करतो. जाड संरक्षक काचही रेघ बिघडवते. ती काढूनही फरक पडला नाही, तर त्या जागी बोट फिरवावे. बॅटरीच्या लेखणीच्या पडद्यावर बोटही तेथे अडत असेल तर दोष पडद्याचा असण्याची शक्यता मोठी. अनुनादाच्या पद्धतीत मात्र लेखणीची जाळी वेगळी असते. बोट नीट चालले म्हणून ती जाळी निर्दोष ठरत नाही.

रेघ थरथरत असेल, नको तेथे ठिपके उमटत असतील, तर चार्जरची वायर काढावी. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट स्पर्शाच्या संवेदकांना गोंधळात टाकतो. वायर काढताच रेघ सरळ झाली, तर बदलायचा तो चार्जर.

दोष सॉफ्टवेअरचा असेल तर

एका ॲपमध्ये लेखणी नीट चालते आणि दुसऱ्यात अडते, तेव्हा यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोजवर लेखणीचा दाब ॲपपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत: विंडोज इंक आणि विनटॅब. चित्रकलेचे सॉफ्टवेअर एक मार्ग धरून बसले आणि ड्रायव्हर दुसरा, की दाब नाहीसा होतो. जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकात राहून गेला असेल तरीही हाच घोळ होतो. जुने ड्रायव्हर काढून, संगणक पुन्हा सुरू करून, एकच नवा ड्रायव्हर बसवावा. टोक आणि उमटणारी रेघ यांत अंतर पडत असेल, तर विंडोजमधील कॅलिब्रेशनची सोय वापरावी.

तळहात टेकताच रेघोट्या उमटतात, ही तक्रार बहुधा सेटिंगने मिटते. अनेक ॲपमध्ये केवळ लेखणीनेच लिहिण्याचा पर्याय असतो. तो चालू करावा. बोटाची नक्कल करणाऱ्या स्वस्त लेखणीत मात्र पडद्याला लेखणी आणि तळहात यांतील फरक ओळखणे कठीण जाते.

दुकानाची पायरी

एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी तीच तिरकी रेघ ओढून पाहावी. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला ते कळत नाही. टॅब्लेट मूळ स्थितीत आणणारा फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी, आणि तोही हस्तलिखित टिपणांची प्रत अन्यत्र जतन केल्यावरच करावा. वर्षभराची टिपणे गेली, तर दुरुस्त झालेली लेखणी ती परत आणत नाही.

शक्य असल्यास त्याच प्रकारची दुसरी लेखणी आपल्या टॅब्लेटवर चालवून पाहावी. ती नीट चालली तर दोष आपल्या लेखणीत आहे. तीही त्याच जागी अडली, तरच पडद्याच्या दुरुस्तीचा विचार करावा. पडदा बदलावाच लागला, तर नवा पडदा लेखणीसह तपासूनच टॅब्लेट ताब्यात घ्यावा. बोटाला उत्तम प्रतिसाद देणारा बदली पडदा लेखणीची रेघ नागमोडी करू शकतो, आणि ते घरी आल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो.