कणसीमेवरचा बोरॉन

निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे अणू तीनास एक या प्रमाणात एकत्र येऊन जे संयुग सिद्ध होते, त्याच्या अंगी असा दुर्मिळ गुण आहे की, इतर धातू तापले म्हणजे मऊ पडतात, तर हे सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवीत नेले असता अधिकच बळकट होत जाते. जेट इंजिनाची पाती ज्या मिश्रधातूंची घडवितात, त्यांचे सामर्थ्यही बव्हंशी याच संयुगाच्या सूक्ष्म कणांवर अवलंबून असते. याचा एक अखंड स्फटिक बिनतक्रार ताणला जातो. परंतु असंख्य स्फटिककणांनी बनलेला ओतीव तुकडा ताणू गेले, की घडीव चिऱ्यांची भिंत दर्जांतून उकलावी तसा तो कणाकणांमधल्या सीमांतून, म्हणजे कणसीमांतून, उकलतो.

१९७९ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातील आओकी आणि इझुमी यांनी त्यात बोरॉनचा अल्पांश मिसळला, आणि ठिसूळपणा हटला. (बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८७९ मध्ये, जर्मनीच्या फ्लाइटमान यांनी वितळत्या निकेलमध्ये चिमूटभर मॅग्नेशियम घालून ते घडाऊ केले होते, तेथे कणसीमांवर ठाण मांडून बसलेल्या गंधकाचा बंदोबस्त मॅग्नेशियमने केला.) पुढे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत लिऊ आणि त्यांचे सहकारी यांनी वजनाने हजारात सुमारे एक भाग बोरॉन घालून तुकडा मूळ लांबीच्या जवळजवळ निम्म्याने वाढेपर्यंत ताणून दाखविला. मला याहून विलक्षण वाटते ती त्यामागची अट: अ‍ॅल्युमिनियमचे अणू शेकडा २४ असतील तर बोरॉनचा अंमल चालतो, पुरते २५ झाले की तो जवळपास संपुष्टात येतो. शिवाय गंधकाचा ओढा मोकळ्या पृष्ठभागाकडे अधिक, तर बोरॉन कणसीमांवर जमते आणि मोकळ्या पृष्ठभागाकडे फिरकत नाही. सीमा उकलली की मोकळे पृष्ठभागच उघडे पडतात; म्हणून बोरॉन कणसीमांवरचे बंध दृढ करीत असावे, असा निष्कर्ष निघाला.

तथापि १९९० नंतरच्या प्रयोगांनी या निकालाची फेरतपासणी करावयास लावली. बोरॉनविरहित तुकडा निर्वातात किंवा शुष्क प्राणवायूत ताणला, तेव्हा तोही बराच लांबला! म्हणजे ठिसूळपणाचा मोठा वाटा हवेतल्या बाष्पाचा होता: भेगेच्या टोकाशी उघडे पडलेले अ‍ॅल्युमिनियम पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि सुटा झालेला हायड्रोजन कणसीमेत शिरून तिला दुर्बळ करतो. तेव्हा बोरॉनचे कार्य केवळ बंध दृढ करण्याचे नव्हे, तर कणसीमेतून हायड्रोजनचा संचार रोखण्याचेही आहे.