पाटे, टायर आणि पाणंद

मी कविता लिहिणारा माणूस. गाडीखाली डोकं घालण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आणली माझ्या भाच्यानं. त्यानं जुनी पिकअप घेतली आणि कर्जाला जामीन मी राहिलो. शेवगावकडच्या शिवारातून कांदा भरून बाजारात पोचवायचा, हा त्याचा धंदा. पहिल्याच मोठ्या पावसात गाडी पाणंदीत रुतली. घरी येऊन म्हणाला, ‘‘मामू, मागं दोन पाटे वाढवतो आन् रुंद टायर टाकतो. मग गाडी कुठंबी जाईल.’’ म्हटलं, ‘‘बाळा, पैसे घालण्याआधी चार मिस्त्र्यांना विचारू.’’ त्या विचारपुशीत जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी पाट्यांचं. ओझं तोलतात ते पाटे. शॉकअप ओझं तोलत नाहीत, ते पाट्यांची उसळी शमवतात. खड्ड्यातून गेल्यावर गाडी डोलतच राहिली, तर आधी शॉकअप तपासावेत. पाटे वाढवले की भरलेली गाडी मागं बसत नाही, हे खरं. पण रिकामी गाडी परतताना त्याच ताठ पाट्यांमुळे उड्या मारते. चाक क्षणभर जमीन सोडतं, आणि ओल्या वळणावर तेवढा क्षण घात करायला पुरेसा असतो. शिवाय पाटे वाढले तरी अॅक्सल, ब्रेक आणि डिस्क पूर्वीच्याच राहतात. वाहून नेण्याचं अधिकृत वजन तसूभरही वाढत नाही. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 लाही मान्य नाहीत.

दुसरा गैरसमज उंचीचा. पाट्यांनी गाडीचा सांगाडा वर जातो, पण मागच्या अॅक्सलचा मधला गोळा होता तिथंच राहतो. दगडावर आपटतो तो हाच गोळा. तो उचलतं फक्त मोठं टायर, आणि तेही किती? 215/75 आर 15 या टायरची उंची साधारण 703 मिलिमीटर, 235/75 आर 15 ची 733. फरक 30 चा, पण जमिनीपासून गोळा वर येतो निम्मा, म्हणजे 15 मिलिमीटर! बदल्यात वेगाचा काटा कमी दाखवतो आणि चढाला इंजिन जास्त दमतं.

टायरवरचे आकडे वाचायला शिका. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी, 75 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, आर म्हणजे रेडियल, 15 ही रिमची इंचातली मापं. पुढचा आकडा भाराचा: 100 असेल तर एका टायरला 800 किलो, 108 असेल तर 1000. चार आकड्यांचा शिक्का जन्मतारीख सांगतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा.

रुंद टायर सगळीकडे चांगलं, असंही नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर रणगाड्याचे पट्टे पाहा. प्रचंड वजन ते लांबरुंद जागेवर पसरवतात. वाळूत रुंद टायर हेच काम करतं. पण वर वीतभर चिखल आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून मुरमाला जाऊन टेकतं. काळ्या मातीत नक्षीच्या खाचा मोठ्या हव्यात, म्हणजे फिरताना माती झडते. बारीक नक्षीत ती बसली की टायर गुळगुळीत होतं. हवा कमी केल्यानं पकड वाढते, पण ते रिकाम्या गाडीला आणि थोड्या अंतरापुरतंच. भरलेली गाडी कमी हवेनं डांबरीवर पळवली, तर टायर तापून फुटतं.

शेवटी भाच्यानं पाटे वाढवले नाहीत. बसलेले पाटे काढून तेवढेच नवे घातले, शॉकअप बदलले, आणि मागं मूळ मापाची, पण खोल नक्षीची दोन टायरं टाकली.

पुढच्या पावसात एका शेतकऱ्याचा फोन आला, ‘‘पाणंदीत गाडी आणा.’’ भाच्यानं सांगितलं, ‘‘दादा, माल ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत आणा, मी तिथं उभा राहतो.’’ त्या दिवशी त्याची एक खेप कमी झाली. पण गाडी संध्याकाळी घरी आली, आणि त्या महिन्याचा हप्ताही वेळेवर गेला.