जुने सुटे भाग घ्यायचे, पण कुठे?

उमरखेडचा माणूस मोठ्या खरेदीला नांदेडला जातो. वणीचा चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठतो. नेर-दारव्ह्याकडची मंडळी अमरावतीला जातात आणि पांढरकवड्याच्या माणसाला हायवेवर उभे राहिले की नागपूरची बस मिळते. लग्नाचा बस्ता असाच बांधला जातो. संगणकाच्या जुन्या सुट्या भागांसाठीही लोक याच वाटेने निघतात आणि निघण्याआधी मला विचारतात, "सर, स्वस्त कुठे मिळेल?"

मी संगणक दुरुस्त करतो आणि शिकवतोही. माझे उत्तर असे, की आधी दुसरा प्रश्न विचारा. वस्तू खराब निघाली तर परत द्यायला तुम्ही जाणार का? यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. रॅमच्या कांडीवर दोन-तीनशे रुपये वाचवले आणि ती बदलायला पुन्हा एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवली, तर तो सौदा स्वस्त राहत नाही. बहुतेक लोक मग जातच नाहीत. खराब कांडी कपाटात पडून राहते. दुकानदारालाही हे माहीत असते.

म्हणून माझी पहिली पसंती तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला. त्याच्याकडे निवड कमी असते, भाव थोडा जास्त असतो. पण तो भाग त्याने स्वतः कुठल्यातरी मशीनमधून काढलेला असतो, तुमच्यासमोर लावून दाखवतो आणि उद्या त्याला याच गावात दुकान उघडायचे असते. सीताबर्डीतली दुकाने दुसऱ्या क्रमांकावर, कारण तिथे निवड आहे आणि "टेस्टिंग वॉरंटी" मागता येते. ती किती दिवसांची, हे तोंडी ऐकू नका, बिलावर लिहून घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस ही बाजारपेठांची मोठी नावे. नातेवाइकांकडे गेलात तर जरूर फिरा. पण तिथून न पाहता पार्सलने जुना माल मागवण्याच्या मी विरोधात आहे.

मोबाइलवरच्या जाहिराती शेवटी. तिथेही प्रामाणिक विकणारे असतात. शिक्षण संपलेली मुले आपली मशीन विकतात, ती बऱ्याचदा उत्तम निघतात. पण नियम एकच: समोरासमोर भेटा, चालू करून बघा, मगच पैसे द्या. "मी फौजी आहे, बदली झाली, आधी थोडे टाका, माल पाठवतो" हा प्रकार आता खूप जुना झाला, तरी लोक फसतात. आपण काही विकत असू, तर पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. कोणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितले, तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे अवघड.

आता कुठला भाग जुना चालतो, याविषयी. सगळे सारखे नसतात.

रॅम बिनधास्त घ्यावी. तिच्यात फिरणारे, झिजणारे काही नाही. चालली तर वर्षानुवर्षे चालते. २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव भडकल्यामुळे जुनीला मागणीही आली आहे. फक्त डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसरीच्या जागी बसत नाही. म्हणून आपली जुनी कांडी खिशात घेऊन जा. घरी आल्यावर मेमटेस्ट हा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवा. प्रोसेसरही सहसा दगा देत नाही. मात्र मोबाइलच्या उजेडात पिना बघा. इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये २००४ नंतर पिना मदरबोर्डवर गेल्या, तेव्हा तिथे बोर्डाचा सॉकेट तपासायचा. एक पिन वाकलेली असली तरी बोर्ड परत ठेवा.

हार्ड डिस्कविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे नुकसान पैशांत मोजता येत नाही. दारव्ह्याकडच्या एका फोटोग्राफरने सीझनमध्ये जागा पुरेना म्हणून वापरलेली डिस्क घेतली आणि तीन लग्ने तिच्यावर टाकली. चौथ्या आठवड्यात डिस्क कट-कट आवाज करू लागली आणि बंद पडली. डिस्कचे पैसे त्याला परत मिळाले. पण ज्यांच्या घरची लग्ने होती त्यांना तो काय परत देणार? एका अल्बममध्ये नवरीचे आजोबा होते, ते पुढच्याच महिन्यात वारले.

डिस्क स्वतःचा हिशेब स्वतः ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि तिथेच चालवा. ती किती तास चालली, ते त्यात दिसते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे आकडा २६,००० च्या वर असेल, तर ती कुठल्यातरी सर्व्हरमध्ये नाहीतर कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये रात्रंदिवस तीन वर्षे राबलेली असू शकते. खराब होऊन बदललेल्या सेक्टरचा आकडा आणि वाचायचे राहिलेल्या सेक्टरचा आकडा, दोन्ही शून्य हवेत. प्रोग्रामने पिवळा रंग दाखवला की विषय संपला. पण मोटारसायकलचे मीटर मागे फिरवतात तसे इथेही होते. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्क तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीला आले. म्हणून माझे मत ठाम आहे: जुनी डिस्क सिनेमे-गाणी ठेवायला घ्या; ज्याची दुसरी प्रत नाही ते तिच्यावर ठेवू नका.

एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी जुनी घेऊच नये. आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि वर-खाली होणारा व्होल्टेज यांत एसएमपीएसमधले कपॅसिटर आधी सुकतात, आणि तो जाताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो. मदरबोर्ड घेताना कपॅसिटरची डोकी बघा. सपाट हवीत, फुगलेली नकोत.

ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्या मुलांना एक इतिहास सांगतो. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर चाले. १५ सप्टेंबर २०२२ ला ती पद्धत बंद झाली आणि महिनोन्महिने तापत राबलेली कार्डे बाजारात आली. अशी सगळीच कार्डे वाईट असतात असे नाही, पण पंख्याचा आवाज ऐका आणि अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड हा प्रोग्राम ती लबाडी बहुतेक वेळा पकडतो.

सुटे भाग जमवण्यापेक्षा कंपन्यांनी काढून टाकलेली आख्खी मशीन घेणे बरे पडते, हा माझा अनुभव. सध्या ती स्वस्त का आहेत, तेही समजून घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची मशीन म्हणून कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. लिनक्स चालवणार असाल तर ती चांगली आहेत. पण सेवा केंद्र चालवायचे असेल आणि विंडोज हवेच असेल, तर आठवी पिढी आहे ना, हे स्क्रीनवर बघून घ्या. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्सना बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, हेही आधी विचारा.

मशीनवर शाळेचे नाव किंवा सरकारी खात्याचा नंबर रंगवलेला दिसला, तर लिलावाचा कागद मागा. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "चालू हाये, न्या बिनधास्त" हा पुरावा नव्हे. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवा. ते बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: दुकान मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे यवतमाळलाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून बघा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. हा कायदा दुकानदाराला लागू होतो. कोणी घरातली एखादी वस्तू विकली तर नाही.

आणि नागपूरहून निघताना रॅम वर्तमानपत्रात गुंडाळू नका, दुकानदाराकडून करड्या चकाकत्या रंगाची अँटिस्टॅटिक पिशवी मागून घ्या. डिस्क बसच्या पत्र्यावर नको, मांडीवर घ्या. घरी पोचल्यावर पाहुणे, पेरणी काही असो, ती त्याच दिवशी लावून बघा. टेस्टिंगचे सात दिवस दुकानातून निघालात तेव्हापासून मोजले जातात.