जर्मनमधलं 'नाही': निश्त कुठे, काइन कुठे?

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांना तिकडे पाठवायचं ठरलं. तेव्हापासून जर्मन हा फक्त पुण्या-मुंबईच्या मुलांचा विषय राहिलेला नाही. आर्वीत राहून नर्सिंग केलेल्या मुलीलाही ती भाषा लागू शकते. आणि दवाखान्यात 'नाही' चुकलं, तर ती नुसती व्याकरणाची चूक राहत नाही.

मराठीत 'माझ्याकडे गाडी नाही' आणि 'गाडी चालत नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच 'नाही'ने होतात. जर्मनमध्ये तिथे दोन वेगळे शब्द येतात. 'इश हाबे काइन आउटो' म्हणजे माझ्याकडे गाडी नाही. 'दास आउटो फेर्ट निश्त' म्हणजे गाडी चालत नाही. पहिल्या वाक्यात वस्तूच नाही, दुसऱ्यात क्रिया होत नाही.

'काइन' लक्षात ठेवायला सोपा आहे. 'आइन' म्हणजे 'एक', त्याला पुढे 'क' लावला की झालं 'काइन'. होकारात नामाआधी 'आइन' असेल किंवा काहीच नसेल, तर नकारात बहुतेक वेळा 'काइन' येतो. मग तो नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. वेळ स्त्रीलिंगी, म्हणून 'इश हाबे काइने त्साइट', मला वेळ नाही. चहा पुल्लिंगी आणि इथे कर्म, म्हणून 'इश ट्रिंके काइनन टे', मी चहा पीत नाही. अनेकवचन असेल तर 'काइने'. नवशिके हमखास 'इश हाबे निश्त त्साइट' म्हणतात. समोरच्याला कळतं, पण परीक्षेत गुण जातो.

उरलेली बहुतेक कामं 'निश्त'ची. यातला 'श' आपल्यासारखा पक्का नाही, त्यात थोडा 'ह' मिसळलेला असतो. अख्ख्या वाक्याचा नकार असेल तर तो बहुधा शेवटी जातो, आणि मराठी माणसाला हे ऐकायला घरचं वाटतं: 'इश फेरश्टेहे दास निश्त', मला ते समजत नाही. मात्र शेवटी आणखी एखादं क्रियापद किंवा विशेषण असेल तर 'निश्त' त्याच्या आधी येतो. 'इश कान निश्त कोमन', मी येऊ शकत नाही. 'दास इस्ट निश्त गूट', हे चांगलं नाही. एखाद्याच शब्दाचा नकार असेल तर त्या शब्दाच्या आधी: 'निश्त होइटे', म्हणजे 'आज नव्हे'.

खरा धोका इंग्रजीमुळे होतो. इंग्रजीत 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. त्याच्यासारखं दिसणारं जर्मन 'म्युसन निश्त' मात्र मनाई करत नाही. 'ज़ी म्युसन दास निश्त ट्रिंकन' म्हणजे 'तुम्ही हे प्यायलाच हवं असं नाही'. पिऊ नका, असं सांगायचं तर 'ज़ी ड्युर्फन दास निश्त ट्रिंकन'. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला पहिलं वाक्य सांगितलं, तर तो खुशाल पाणी पिईल. मराठीतून विचार केला तर गोंधळ होत नाही: 'गरज नाही'ला म्युसन, 'पिऊ नये'ला ड्युर्फन. इथे इंग्रजीची पायरी गाळलेलीच बरी.

दुसरा घोटाळा उत्तरात होतो. आर्वीत कोणी विचारलं, 'दुखत तर नाही ना?' आणि दुखत नसेल, तर उत्तर येतं 'हाव'. म्हणजे तुमचं बरोबर, दुखत नाही. जर्मन नर्स विचारते, 'हाबन ज़ी काइने श्मेर्त्सन?' दुखत नसेल तर तिथे 'नाइन' म्हणायचं. नुसतं 'या', म्हणजे हो, म्हटलं तर ती गोंधळून पुन्हा विचारेल. आणि दुखत असेल तर? त्यासाठी जर्मनमध्ये खास शब्द आहे, 'डॉख'. याचा शेवट मात्र सरळ 'ख'सारखा, घशातून. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर हाच. आपल्याकडे 'दुखतंय की!' म्हणताना तो 'की' जे करतो, तेच काम 'डॉख' एकटा करतो.