सव्वा लाख कोटींचे सोने

आम्ही जळगावचे पाच मित्र. कोणी निवृत्त झालेले, कोणी होऊ घातलेले, आणि सगळेच घरच्या संगणकावरून शेअर घेणारे-विकणारे. दिवसभर ज्याचा तो आपल्या पडद्यापुढे. संध्याकाळचा चहा मात्र एकत्र. महिन्याच्या मध्यावर या चहाला जरा जास्तच उकळी येते. कारण त्या सुमारास केंद्रीय वाणिज्य मंत्रालय देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करते.

१६ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. नोव्हेंबरचे आकडे नुकतेच आले होते. मालाची निर्यात सुमारे ३२ अब्ज डॉलर, आयात जवळजवळ ७० अब्ज. तूट ३७.८४ अब्ज डॉलर, म्हणजे तोवरचा उच्चांक! त्यात एकट्या सोन्याची आयात १४.८६ अब्ज डॉलर, आपल्या हिशेबात सव्वा लाख कोटी रुपयांची. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती साडेतीन अब्जांच्याही आत होती.

आमच्यातल्या एकाची मुलगी अमेरिकेत शिकते. जानेवारीत तिची फी भरायची होती. तूट वाढली की रुपयावर ताण येतो, हे तो जाणून होता. बाहेरून माल आणणाऱ्याला रुपये देऊन डॉलर घ्यावे लागतात. घेणारे वाढले की डॉलर महागतो. दुसऱ्या दिवशी रुपया डॉलरला ८४.९० च्या आसपास, नव्या नीचांकावर गेला. सेन्सेक्स हजाराहून अधिक अंशांनी कोसळला. अर्थात अमेरिकी व्याजदराची धास्तीही त्यामागे होती. मित्राने तडकाफडकी मुदत ठेव मोडली आणि पैसे पाठवून दिले.

दुसऱ्या एकाच्या मेव्हण्याचे सराफ बाजारात दुकान आहे. तो एवढेच म्हणाला, "अहो, लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला झाले. मग पुढे महिनाभर एवढे सोने घेतले तरी कोणी? मेव्हण्याकडे गर्दी नेहमीइतकीच होती." आम्ही त्याला हसलो. सर्वांत मोठ्याने मीच. जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले होते. स्वस्त झाले म्हणून आयात वाढली, असे मी त्याला ऐकवले. कारण तयार होते, त्यामुळे आकडा कोणी तपासला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की नोव्हेंबरची सोन्याची आयात १४.८६ नव्हे, ९.८४ अब्ज डॉलर होती. पाच अब्ज डॉलर कमी! आधीच्या काही महिन्यांचे आकडेही खाली आले. विशेष आर्थिक क्षेत्रांतील मालाची नोंद जुन्या संगणक प्रणालीतून सीमाशुल्क खात्याच्या प्रणालीत नेली जात होती. त्या बदलात काही सोने दोनदा मोजले गेले.

तेव्हापासून आम्ही हे आकडे जरा सावकाश वाचतो. पहिल्यांदा येतात ते तात्पुरते असतात; पुढच्या महिन्यांत त्यांत दुरुस्त्या होत राहतात. ठळक मथळ्यातली तूट बहुधा फक्त मालाची असते. संगणक सेवांसारख्या व्यवहारांत आपल्या देशाची कमाई खर्चाहून जास्त आहे, त्यामुळे एकूण तूट बरीच लहान दिसते. पण सेवांचा ताज्या महिन्याचा आकडाही अंदाजच असतो, कारण रिझर्व्ह बँकेची पक्की माहिती मागाहून येते. तेल आणि सोने आम्ही वेगळे काढून पाहतो. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, आणि सोन्याची आयात एखाद्या महिन्यात उसळली तरी पुढच्या महिन्यात ओसरू शकते. कारखान्यांना लागणारी यंत्रे किती आली, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. पण त्यावर चहाच्या टेबलावर कोणी भांडत नाही!

आता गंमत ऐका. आकडा चुकीचा ठरला, तरी रुपया काही सावरला नाही. जगभर डॉलर वधारत होता, परदेशी गुंतवणूकदार आपल्या बाजारातून पैसे काढून घेत होते. जानेवारीतच डॉलर ८६ रुपयांच्या वर गेला. ठेव मोडल्याचा दंड वजा करूनही आपण फायद्यातच राहिलो, असे मुलीचे वडील कागदावर मांडून दाखवतात. मेव्हणेवाले म्हणतात, "पण आकडा खोटा आहे, हे मीच आधी सांगितले होते की नाही?" त्या दिवशी हसल्याचा दंड म्हणून महिनाभर चहाचे पैसे मी दिले.