घरकुल वाडीत, बिऱ्हाड भट्टीवर

दिवाळी सरली की कसाऱ्याकडच्या आणि मुरबाडच्या वाड्यांतून बिऱ्हाडं हलायला लागतात. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं भरायची, दाराला कुलूप लावायचं आणि भिवंडी-कल्याणकडची वीटभट्टी गाठायची. परत यायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर. यातल्याच कितीतरी घरांचं नाव घरकुलाच्या यादीत असतं. मग बाया विचारतात, आम्ही गेलो तर घरकुल जाईल का? आणि भट्टीजवळच बांधून मिळेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. ज्या गावच्या यादीत नाव, त्याच गावात घर. पहिल्याचं उत्तर असं, की हंगामापुरतं बाहेर गेलं म्हणून घरकुल जात नाही, पण काम थांबलं की हप्ता थांबतो. पैसे एकदम येत नाहीत. जोतं झालं, भिंती वर आल्या, की प्रत्येक टप्प्याला त्या जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढतात. फोटोबरोबर ठिकाणही नोंदलं जातं. फोटो नाही तर पुढचा हप्ता नाही. घर बारा महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यातले सहा-सात तर भट्टीवरच जातात.

कातकरी कुटुंबांसाठी २०२३ सालापासून जनमन योजना आहे. तिच्यात घरासाठी २ लाख रुपये मिळतात. साध्या घरकुलाला १ लाख २० हजार. शिवाय स्वतःच्याच घरावर राबल्याची ९० दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळते. ही गोष्ट फार कमी बायांना ठाऊक असते. म्हणून आमचं म्हणणं असं, की शेठचा बयाणा घ्यायच्या आधी हा हिशेब मांडा. जमलं तर एक हंगाम घरावरच काढा. बयाणा आधीच घेतला असेल, तर निदान घरातलं एक माणूस मागे ठेवा आणि ग्रामसेवकांना त्याचा फोन नंबर देऊन जा.

घर हलत नाही, रेशन मात्र हलतं. 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झाल्यापासून भट्टीजवळच्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड तेच, नवं काढायला नको. निम्मं धान्य तिथं आणि उरलेलं मागे राहिलेल्या सासूनं गावच्या दुकानात, असंही चालतं. फक्त कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. ते निघायच्या आधीच बघा, भट्टीवरून कोण येणार त्यासाठी? दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

गटाच्या दिवाळीआधीच्या बैठकीत विचारा: कोण जाणार, कुणाचं जोतं अर्धं आहे, मागे कोण राहणार. नावं वहीत लिहा. जाणाऱ्या बाईजवळ रेशनकार्ड, आधार आणि पासबुक यांच्या झेरॉक्स द्या, एक संच गटाकडे ठेवा. मूळ कागद शेठकडे ठेवायला देऊ नका.